दुबार पेरणी आणि चाळीस पानं

प्रश्न विचारणारी मुलगी बी.एफ.ए. पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर दारव्हा तालुक्यात, सात एकर कोरडवाहू. वर्षभराच्या कामासाठी तिने ‘अपयश, आशा आणि अनिश्चितता’ हा विषय घेतला आहे. ती लिहिते: “मॅडम, स्केचबुकची ४० पानं भरली. भेगाळलेली जमीन, वाळलेलं झाड, ओंजळीतला कोंब, आभाळाकडे पाहणारा म्हातारा शेतकरी. सर म्हणाले, ही पोस्टरं आहेत, तू यात कुठेच नाहीस. यंदा आमच्याकडे दुबार पेरणी झाली, बाबांनी दोनदा बियाणं आणलं. विषय माझ्या घरातलाच आहे, मग चित्र खोटं का दिसतं? आणि विषय अपयशाचा घेऊन डिसेंबरात जूरीसमोर मीच नापास झाले तर?” सोबत तिने वहीच्या पानांचे फोटो पाठवले आहेत.

तुझ्या सरांचं म्हणणं मला पटलं. पण नुसतं ‘तू यात नाहीस’ म्हणून भागत नाही. कुठे नाहीस आणि कुठे असायला हवी होतीस, तेही कोणीतरी सांगायला हवं. मी तीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळांमध्ये चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली आणि शाळा सुटल्यावर घरच्या पडवीत लाकडावर कोरून छापे काढले. तू ज्या तीन शब्दांशी झटते आहेस, त्यांनी मलाही पुष्कळ वर्षं दमवलं आहे. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी त्या भेगांचं बोलू. तुझ्या ४० पानांत भेगाळलेली जमीन ११ वेळा आली आहे, मी मोजली. आता मला सांग, आपल्याकडे जमिनीला भेगा कधी पडत नाहीत? काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. चांगल्या पिकलेल्या वर्षीही एप्रिल-मेमध्ये तुमच्या वावरातल्या भेगेत हात घातला तर मनगटाच्या वर जातो. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत घसरते, पहिल्या पावसाचं पाणी तिथूनच खोल उतरतं, जमीन आपली आपणच खालीवर होते. मे महिन्यात ती भेग पाहून तुझ्या बाबांच्या पोटात गोळा येत नसेल. उलट “यंदा जमीन चांगली तापली” असंच ते म्हणत असतील. मग ही भेग तुझ्या वहीत आली कुठून? ती आली वर्तमानपत्रातल्या फोटोतून आणि सभेच्या बॅनरवरून. तुझ्या डोळ्यांनी ती पाहिलेली नाही, म्हणून ती खोटी दिसते. वाळलेल्या झाडाचंही तेच.

आपल्याकडचं अपयश पुष्कळदा हिरवंगार असतं. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा तू शाळेत असशील. त्या वर्षी आमच्या गावाबाहेरून जाणाऱ्या माणसाला काहीच कळलं नसतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीएवढी, पानं काळीशार, बोंडं लगडलेली. कळायचं ते फूल हातात घेतल्यावर. पाकळ्या उमलायच्याच नाहीत, आतून धाग्याने शिवल्यासारख्या मिटून राहायच्या. त्याला डोमकळी म्हणतात, तू घरी ऐकलं असशील. पाकळ्या बोटाने सोडवल्या की आत अळी. आणि बोंड? बाहेरून अगदी निकोप. अळी लहान असतानाच आत शिरते आणि तिच्या मागे भोक बुजून जातं. नखाने फोडावं तेव्हा आतल्या चार कप्प्यांतला एक पिवळा-तांबूस, चिकट, सरकी पोखरलेली. वरून चांगलं दिसणारं आणि आत गेलेलं, हे खरं आपल्या कापूसपट्ट्याचं अपयश आहे. चित्रकारासाठी हा केवढा मोठा प्रश्न आहे बघ. जे बाहेरून दिसतच नाही, ते रंगवायचं कसं? त्या प्रश्नाशी तू झगडलीस तर तुझं वर्ष वाया जाणार नाही.

आता तुझ्या पत्रातलं एक वाक्य. “बाबांनी दोनदा बियाणं आणलं.” बियाणं बाबांनी आणलं, मान्य. पण टोबलं कोणी? तुमच्याकडे सरकी टोबायला कोण गेलं होतं? मी पैजेवर सांगते, तुझी आई गेली होती, आणि जुलैमध्ये कॉलेजला दांडी मारून तूही गेली असशील. ओटीत सरकी, कमरेत वाकून, तासातासाने म्हणजे पेरणीच्या ओळीओळीने, हाताच्या अंतरावर एक-दोन दाणे. पुन्हा आठ-दहा दिवसांनी नांग्या भरायला, न उगवलेल्या जागी दाणा टाकायला. म्हणजे तुझ्या विषयाचं काम तुझ्या हातांनी झालेलं आहे, आणि ४० पानांत तुझा हात एकदाही आला नाही. आभाळाकडे पाहणारा म्हातारा आला. सर म्हणाले ‘तू यात नाहीस’, ते इथे.

मला वाटतं तू ते तीन मोठे शब्द काही दिवस बाजूला ठेवावेत. अपयश, आशा, अनिश्चितता हे भाषणातले शब्द आहेत. घरात कोणी ‘आम्ही अनिश्चिततेत आहोत’ असं म्हणतं का? घरात म्हणतात, पेरणी उलटली. पावसाने खंड दिला. मोड आली. नांग्या पडल्या. उसनवारी झाली. उतारा किती येतो पाहू. या एकेका शब्दात तुझे तिन्ही शब्द आहेत, शिवाय त्याला वास आहे, वजन आहे, तारीख आहे. वहीच्या पहिल्या पानावर असे २५ शब्द लिहून काढ. आईला विचार, आजी असेल तर तिला विचार. ज्या शब्दाने तुझ्या पोटात काहीतरी हललं, त्यापाशी थांब.

मी असते तर ‘नांगी’पाशी थांबले असते. तासात जिथे दाणा उगवला नाही ती रिकामी जागा म्हणजे नांगी, आणि तिथे पुन्हा दाणा टोबणं म्हणजे नांग्या भरणं. तिथे अपयश मोजता येतं, दिसतं, आणि त्याच जागी दुसऱ्यांदा हात जातो. आता सप्टेंबर संपत आला आहे. वावरात जाऊन बघ, नांग्या भरलेली झाडं अजूनही ओळखू येतील. ती बुटकी असतात, शेजारच्याला बोंडं धरली तरी त्यांना पात्याच, म्हणजे न उमललेल्या कळ्याच, असतात. म्हणजे जुलैमध्ये कुठे कुठे दाणा फसला होता याचा नकाशा आजही वावरात उभा आहे. एखादा आठवडा आणखी गेला की वेचणीच्या गडबडीत तो कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

तर एक काम कर. ब्राउन पेपरचा गुंडाळा आण, तालुक्याला मिळतो. एक तास निवड, एकच. त्याच्या कडेने कागद अंथर आणि जिथे झाड आहे तिथे खूण, जिथे नांगी आहे तिथे मोकळी जागा, जिथे भरलेलं बुटकं झाड आहे तिथे वेगळी खूण. अंतर जसंच्या तसं, लहान-मोठं करू नकोस. ३० मीटर झालं तर ३० मीटर होऊ दे. सुंदर काढायचा प्रयत्न करू नकोस. आईला सोबत घे. ती काय काय बोलते ते कडेला लिही. मला खात्री आहे, दहाव्या झाडापाशी ती काहीतरी असं बोलेल जे तुला ४० पानांत सुचलं नव्हतं.

खुणा करायला कोळसा घरीच कर. मागच्या सालच्या पऱ्हाट्या सरपणाला ठेवल्या असतीलच. बोटाएवढ्या जाडीच्या काड्या घे, साल सोलून काढ, वीतभर तुकडे कर, नीट वाळव. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घे, झाकणाला खिळ्याने एक भोक पाड, काड्या उभ्या ठासून भर आणि डबा चुलीच्या निखाऱ्यात पुर. भोकातून आधी दाट पांढरा धूर येईल, मग विरळ होईल, मग थांबेल. थांबला की डबा बाहेर काढ आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नकोस. घाईने उघडलास तर आत हवा शिरून सगळं पेट घेतं. माझे पहिले दोन डबे असेच राख झाले. पऱ्हाटीचा कोळसा विकतच्यापेक्षा जरा कडक असतो, रेघ करडी येते, मधेच खरखरते. मला ती खरखर आवडते.

आता अनिश्चिततेबद्दल. तू ती धुकं, रिकामा रस्ता, प्रश्नचिन्हासारखा वाकलेला माणूस अशी काढली आहेस. अनिश्चिततेचं चित्र काढता येतं असं मला वाटत नाही. चित्र काढण्यात ती आणावी लागते. म्हणजे काय, ते भेंडवळवरून सांगते.

बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. गोल आखतात, मधे खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर, वर पापड, कुरडई वगैरे, आणि भोवताली १८ धान्यं. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. मांडणी झाली की माणसं निघून जातात, रात्रभर तिथे कोणी थांबत नाही. पहाटे येऊन बघतात: कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा जागचा हलला. त्यावरून पाऊसपाणी आणि पीक सांगतात. त्या भाकितावर माझा विश्वास नाही, ते विज्ञान नाही आणि त्याच्या भरवशावर कोणी पेरणी करू नये असंच मी सांगेन. पण चित्रकार म्हणून मी त्या मांडणीपुढे दरवेळी थक्क होते. इतकं नेमकं रचायचं, प्रत्येक दाण्याची जागा ठरवायची, आणि मग उठून जायचं. पुढचं रात्रीवर, वाऱ्यावर, मुंग्यांवर सोडायचं.

तुझ्या कामात अशी एक रात्र हवी. तू ठरवशील ते काटेकोर ठरव, पण मधे एक टप्पा असा ठेव की जिथे हात काढून घ्यावाच लागेल. वावरातली माती चाळून, भिजवून, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवून प्लायवर थापलीस तर ती वाळताना भेगाळेलच, पण कशी ते तुला आधी कळणार नाही. पातळ थर दिलास तर बारीक जाळी, जाड दिलास तर मोठे तुकडे, उन्हात ठेवलास तर कडा उचलतील. कुटार म्हणजे भुसा मिसळलास तर माती धरून राहील. आणि मग ती भेग तुझी असेल, कारण ती तुझ्यासमोर, तुमच्या वावरातल्या मातीत पडली. भेग काढू नकोस असं मी म्हणतच नाही. तिला पडू दे.

आता अपयशाची माझी गोष्ट. २०१७ च्या त्या हंगामात लोकांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर घातले, कोणी जनावरं सोडली. ज्यांनी वेचला त्यांच्या घरी कवडीचे ढीग पडले. कवडी म्हणजे नीट न फुललेला, डागाळलेला, बोंडाला चिकटून राहिलेला कापूस. त्याला भाव नव्हता. मी दोन पोती उचलून आणली. मनात होतं त्याचा कागद करायचा आणि त्यावर छापे काढायचे. वर्ध्याला मगनवाडीत १९३० च्या दशकात ग्रामोद्योगाचं काम सुरू झालं, त्यात हातकागदही होता. आपल्या भागाला हे नवं नाही, असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी मी कवडी पातेल्यात भिजत घातली. सकाळी पाहते तर तशीच तरंगत होती, कोरडी. दाबून बुडवली, परत वर. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणासारखा थर असतो, तो पाणी आत घेऊ देत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग धुण्याचा सोडा घालून उकळली. पाणी चहासारखं तपकिरी झालं, घरभर वास, पण कापूस बुडाला. कुटायला घेतला तर तंतू इतके लांब की मुसळाला गुंडाळी व्हायची. लगद्याऐवजी दोऱ्या. चाळणीवर टाकला तर गाठीच गाठी, मधे भोकं. असे चार आठवडे गेले. शेवटी शेजारच्या म्हातारीने सांगितलं, “बाई, आधी बारीक काप नं, गोधडीच्या चिंध्या कापतो तशी.” कात्रीने अर्ध्या बोटाएवढी कापली, परत उकळली, परत कुटली. होळीच्या आसपास पहिला कागद उचलता आला. जाडजूड, पिवळसर, जागोजागी तपकिरी डाग आणि अळीने खाल्लेल्या सरकीचे कण. मी त्यावर कोरीव छापा घेतला आणि तो छापा मला नको झाला. कागदानेच सगळं सांगितलं होतं, माझी शाई त्यावर उगाच बोलत होती. मी त्यातले नऊ कागद तसेच कोरे ठेवले.

तोपर्यंत मी बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांचं काम छापलेल्या चित्रांतच पाहिलं होतं. त्या नऊ कागदांनंतर ते मला नव्याने कळलं. होर यांनी १९४३ चा बंगालचा दुष्काळ तरुणपणी डोळ्यांनी पाहिला, माणसं चितारली. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी ‘जखमा’ नावाची मालिका केली. त्यात माणूस नाही, रंग नाही. माती किंवा मेणाच्या पाट्यावर सुरीने, तापलेल्या हत्याराने घाव करायचे, त्याचा सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. हाती येतो पांढरा कागद, त्यावर पांढराच व्रण. दुष्काळापासून या कोऱ्या कागदापर्यंत यायला त्यांना जवळपास तीस वर्षं लागली. तू एका सत्रात तिथे पोहोचावंस असं कोणीच म्हणत नाही. शेवटचं वर्ष आहे म्हणून शेवटचं बोलायची घाई करू नकोस, एवढंच माझं म्हणणं. त्याच होर यांनी व्हिएतनामच्या लोकांसाठी घडवलेलं आई आणि मुलाचं मोठं कांस्यशिल्प १९७७ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनातून चोरीला गेलं आणि परत मिळालं नाही. त्यानंतरही ते लहान लहान कांस्यशिल्पं करत राहिले.

फसलेली पानं फाडू नकोस. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, “इडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणून लोक ओरडतात आणि शेवटी ती जाळतात. वर्षाचं दुःख असं एका बाहुलीवर घालून जाळणं मला पटतं, त्यात मोकळं होणं आहे. पण वहीची मारबत करू नकोस. ती ४० पानं राहू देत. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि एक ओळ लिही: हे कुठून आलं. पेपरमधून, मोबाइलमधून, सरांच्या बोलण्यातून, की डोळ्यांनी पाहून. मला वाटतं चाळीसपैकी तीन-चार पानं खरी निघतील. मला तर फोटोंतच एक दिसलं. बाविसाव्या पानाच्या कोपऱ्यात तू बियाण्याचं रिकामं पाकीट काढलं आहेस, कडा दातांनी फाडलेली. ते तू पाहिलेलं आहेस. पोस्टरमध्ये दातांनी फाडलेली कड येत नाही.

आशेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण तिथे तू सगळ्यात घाईत आहेस. प्रत्येक वाईट चित्राच्या खाली एक हिरवा कोंब लावलास. बघणाऱ्याला धीर द्यावा असं तुला वाटतं, मन चांगलं आहे तुझं. पण आई दुसऱ्यांदा टोबत होती तेव्हा कोंब नव्हता. कोंब दिसल्यावर टोबायला आशा लागत नाही.

इंग्रज चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्सने १८८६ मध्ये ‘आशा’ नावाचं चित्र केलं. गोलावर बसलेली एक बाई, डोळ्यांवर पट्टी, हातात तंतुवाद्य. सगळ्या तारा तुटल्या आहेत, एक उरली आहे, आणि ती मान पार वाकवून त्या एका तारेला कान लावून बसली आहे. नाव वाचलं नाही तर बघणाऱ्याला ते निराशेचं चित्र वाटतं. मला त्यातली मान महत्त्वाची वाटते. ऐकायला ती इतकी वाकली आहे की अंग दुखत असेल. टोबणाऱ्या बाईची पाठ आठव.

दुसरी आहे जर्मनीची चित्रकार-शिल्पकार केथे कोलवित्झ. तिचा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये, पहिलं महायुद्ध सुरू होऊन थोडेच महिने झाले होते, बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच वर्षी तिने त्याच्या स्मारकाचं काम मनात घेतलं. पहिल्या कल्पनेत आडवा पडलेला मुलगा होता, उशाशी आणि पायाशी आईबाप. जमेना. १९१९ मध्ये तिने ते काम सोडून दिलं. काही वर्षांनी परत हातात घेतलं, आणि १९३२ मध्ये दगडातले दोन गुडघे टेकलेले आईबाप बेल्जियममधल्या सैनिकी दफनभूमीत उभे राहिले. मुलगा त्यात नाही. १८ वर्षं. मधली सोडून दिलेली वर्षंही त्यात धरायची. मुलगा काढून टाकायचा हे तिला पहिल्या वर्षी कळलं नसतं.

तुझ्या चित्रातून काय काढून टाकता येईल? मला वाटतं कोंब आणि म्हातारा.

म्हाताऱ्यावरून एक अवघड गोष्ट सांगते. २००६ च्या सुमारास शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भावर सगळीकडून कॅमेरे आले होते. मीही एका गावात एका बाईकडे गेले. नवरा जाऊन चार महिने झाले होते. परत येऊन मी छापा कोरला: दारात बसलेली बाई, डोकं गुडघ्यात. तो नागपूरच्या प्रदर्शनात लागला, पेपरात फोटो आला. पुढे ती बाजारात भेटली. रागावली नाही. म्हणाली, “बाई, मी अशी कवा बसली होती? तुमी आल्या तवा तं मी चहा मांडला होता. मले इचारलं असतं तं सांगितलं असतं.” तिने खरंच चहा मांडला होता. दूध नव्हतं म्हणून पोराला शेजारी पाठवलं होतं, आणि मला बसवून ती सोसायटीच्या कर्जाचं सांगत होती, पुढच्या सालची तूर कुठे पेरायची ते सांगत होती. मी ते सगळं ऐकलं आणि घरी येऊन डोकं गुडघ्यात घातलेली बाई कोरली, कारण तशीच बाई मी आधी दहा चित्रांत पाहिली होती. तो ठोकळा मी परत छापला नाही. तुझ्या गावातही अशी घरं असतील. त्यांच्या दारात जाशील तर विचारून जा, काढलेलं आधी त्यांना दाखव, आणि ते नको म्हणाले तर नको. गळफास, फांदी, दोर हे तर वहीत आणूच नकोस. त्या घरातली पोरं तुझ्या प्रदर्शनाला येऊ शकतात.

आणखी एक शब्द तुझ्यासाठी राखून ठेवला होता: पैसेवारी. गावाचं पीक रुपयात किती पैसे आलं हे सरकार मोजतं, ५० पैशांच्या आत आलं तर दुष्काळाच्या सवलतींचा विचार होतो. आणि ती तीन वेळा जाहीर होते: नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. सप्टेंबरअखेर ते डिसेंबरअखेर. नजरअंदाज! चित्रकाराच्या कामाला याहून चांगलं नाव मला सुचत नाही. तुझी जूरीही डिसेंबरातच आहे. तुझ्या त्या एका तासाचं काम तीन वेळा कर, आत्ता, दिवाळीच्या सुमारास आणि जूरीच्या तोंडावर. पहिल्या वेचणीला तुमच्याकडे सीतादही, म्हणजे वावरातली पूजा, करत असतील, तो दिवस चुकवू नकोस. तीन लांब कागद एकाखाली एक लावले की फरक आपोआप दिसेल. काय दिसेल ते तुलाही आज माहीत नाही आणि मलाही नाही.

जूरीचं थोडक्यात. संकल्पनेच्या टिपणात ‘मानवी जीवनातील अनिश्चितता’ असं काही लिहू नकोस. लिही, कुठलं वावर, किती तारखेला पेरणी, किती तारखेला दुबार, किती नांग्या, कोणी भरल्या. वहीची ४० पानंही टेबलावर ठेव, मागच्या ओळींसकट. विचारतील की यात अपयश कुठे आहे, तर कागदावरच्या मोकळ्या जागांवर बोट ठेव. बाकी मार्क किती पडतील ते मी सांगू शकत नाही. नापास झालीस तर वाईट वाटेल, घरी बोलणी बसतील, फीचा प्रश्न येईल. हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ‘विषय अपयशाचा आहे, मग नापास झाले तरी शोभेल’ असा आडोसा घेऊ नकोस. जुलैमध्ये तुझी आई दुसऱ्यांदा वावरात गेली ती उगवावं म्हणून गेली.

या आठवड्यात आधी तासाचा कागद कर, बोंडं फुटायच्या आत. एखादं बोंड फोडूनही बघ, आत काय आहे ते कळेल. वेचणीत कवडी निघाली तर एक पिशवी बाजूला ठेव, बाबा देतील. कोजागिरीनंतरच्या रविवारी माझ्याकडे ये. सोडा आणि मोठं पातेलं माझ्याकडे आहे, कात्री तुझी आण, माझी बोथट झाली आहे. ते नऊ कोरे कागदही काढून ठेवते, हाताने चाचपून बघ.